नखाने पारखलेले टायर

हे शालूलाही ठाऊक नाही. शालू माझी बायको. डॉक्टरांनी गोड बंद केल्यावर मी बाहेर चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा तिला घरात पाऊल टाकायच्या आधी कळते — पण हे नाही कळलं. दुकानात माझ्यासोबत केस पांढरे केलेली माणसं आहेत, त्यांना नाही. आणि ज्या एका माणसाला कळलं, त्याने मला ते आजवर दाखवलेलं नाही. तुम्ही अनोळखी, तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटून लिहायला बसलो. जात नाही आहे. बघू कुठवर जमतं.

आधी मी कोण ते सांगतो — तेवढाच धीर येईल. यवतमाळात दारव्हा रोडवर माझं टायरचं दुकान आहे. कडुनिंबाखाली हवेचा पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन पंक्चर काढायला बसलो होतो. तिथून काचेच्या दरवाजापर्यंत आलो. कुणी हात दिला नाही. दिला असता तरी मी घेतला नसता, तसा स्वभाव. डोकं पटकन तापतं. भाव करायला बसलो की समोरचा दमतो, मी दमत नाही. मार्केटात म्हणतात, याच्याशी भाव करण्यापेक्षा पायी फिरलेलं बरं. हे ऐकून मला बरं वाटतं — खोटं कशाला बोलू? आज तर मुळीच नाही.

आमच्याकडे टायर कसा पारखतात हे तुम्हाला सांगावं लागेल, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकलेली आहे. अंगठ्याचं नख रबरात रोवायचं. बस्स. आमच्या मे महिन्यात डांबर इतकं पातळ होतं की चप्पल रस्त्यात राहते आणि पाय पुढे जातो. अशा रस्त्यावर मऊ रबर म्हणजे पाट्यावर घासलेला खोडरबर. एका उन्हाळ्यात खलास. म्हणून नख आत गेलं तर टायर परत ठेवायचा. नख वाकलं, दुखलं, तर टायर उचलायचा. दुसरी गोष्ट म्हणजे चिरा. टायर गोदामात उन्हाला पडून राहिला की रबरावर केसासारख्या बारीक चिरा येतात. लबाड दुकानदार त्यावर काळं पॉलिश मारून विकतात. ती चीर मी स्कूटरवरून जाता जाता ओळखतो. नख आणि चीर — माझी सगळी विद्या एवढीच. तिच्यावर मी घर बांधलं, मीनलला शिकवलं, तिचं लग्न केलं.

मीनल आमची एकुलती एक. जावई श्रीकांत, उमरखेडचा. इंजिनियर आहे, बोलतो कमी. किती कमी? तर लग्न ठरवायला आला तेव्हा पोहे कसे झाले विचारल्यावर त्याने नुसती मान डोलावली आणि दुसऱ्यांदा घेतले. शालू तिथेच विरघळली. मीही, खरं तर. रस्त्यात शेळी आडवी आली तर हॉर्न न वाजवता थांबून राहणारा माणूस आहे तो. मागच्या गाड्या बोंबलतात, हा शेळीकडे पाहून हसतो. अशा माणसावर कोणी राग धरेल का?

मी धरला. त्याच्यावर नाही — त्याच्या बापावर. पण राग असा हिशेबाने थोडाच जागेवर बसतो?

झालं असं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते सगळे त्यांच्या गाडीने आमच्याकडे आले. पाहुणे आले की लोक त्यांच्या तोंडाकडे पाहतात. मी फाटकात उभा राहून चाकांकडे पाहिलं. चारही टायर नवे कोरे. रबरावरचे बारीक केससुद्धा अजून झडले नव्हते. आणि माझ्या दुकानातले नव्हते. मी सहज विचारावं तसं विचारलं. इवाई — मुलीच्या सासऱ्यांना आम्ही इवाई म्हणतो — हात जोडून हसत म्हणाले, "नागपूरले गेलतो न, तिथंच टाकून घेतले." त्यांचा इवाई, म्हणजे मी, टायरचा दुकानदार, आणि टायर नागपूरहून! शालूने पुढे केलेला अनारसा मी चावला तो दगडासारखा लागला. का आणले असतील? पंक्चरवाला म्हणून? माझा माल त्यांच्या गाडीला शोभला नसता म्हणून? ते कुणी आजवर सांगितलं नाही आणि मी आजवर विचारलं नाही. ती गाडी दर वेळी दारात यायची आणि दर वेळी माझी नजर आधी खाली जायची. तो राग अजून आहे. हे लिहितानाही आहे. तो तसाच बाजूला ठेवतो, कारण मी जे केलं ते त्याने धुऊन निघत नाही.

पुढे मीनल आणि श्रीकांत कॅनडात गेले. तिकडे बर्फ पडतो म्हणजे काय, हे मला फोटोंवरून कळलेलं. फोटोत बर्फ कापसासारखा दिसतो. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला पांढरा ढीग दिसला की जिनिंगमधला कापूसच आठवणार. त्याला घाबरायचं काय?

एका पहाटे फोन आला. आमच्याकडे पहाट म्हणजे तिकडे आदली संध्याकाळ. मी अंगणात चहा पीत होतो. मीनलचा व्हिडिओ कॉल. मागे टायरच्या चळती. मला हुरूपच आला — तिकडचं टायरचं दुकान! त्यांनी जुनी गाडी घेतली होती, थंडी तोंडावर आली होती, आणि टायर बदलायचे होते.

"बाबा," मीनल म्हणाली, "इथं तीन प्रकारचे सांगून राह्यले. आमचं डोकं चाललं नाई. म्हटलं, घरातच टायरवाला हाये त कायले टेन्शन घ्या? तुम्हीच पाहा."

तुम्हाला काय सांगू मला काय झालं ते. पोरीने विचारलं. जावयाच्या घरून पहिल्यांदा कोणीतरी मला टायर विचारले! मी चहा खाली ठेवला, चष्मा घालून आलो, शालूला हाक मारून शेजारी बसवलं.

तिकडचा दुकानदार टोपीवाला, वयस्कर, बिचारा सावकाश बोलत होता आणि श्रीकांत मराठीत सांगत होता. एक रस्ता असा की दोन जोड ठेवायचे, हिवाळ्याचा वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा, आणि वर्षातून दोनदा बदलायचे. ते त्यांना परवडत नव्हतं आणि ठेवायला जागा नव्हती. म्हणजे बारा महिने एकच टायर हवा. त्यात दोन प्रकार. एकाच्या कडेला डोंगराचं चित्र आणि त्यात बर्फाची चांदणी, तो महाग. दुसरा साधा, त्यावर लिहिलेलं की सगळ्या ऋतूंचा, तो स्वस्त. दुकानदार डोंगरवाल्यावर पुन्हा पुन्हा बोट ठेवत होता.

जास्त भावाच्या मालावर दुकानदाराचं बोट दोनदा गेलं की काय समजायचं, हे मला कुणी शिकवायला हवं का? मी म्हणालो, कॅमेरा जवळ न्या. श्रीकांतने नेला. त्या डोंगरवाल्या टायरच्या नक्षीवर — सगळीकडे — बारीक चिरा. नागमोडी, जवळजवळ, प्रत्येक ठोकळ्यावर. मी खुर्चीवरून उठलोच. "अरे बाप्पा! हा त उन्हात वाळलेला माल हाये! फसवून राह्यला तो तुम्हाले!"

मग म्हणालो, नख लावा. श्रीकांतने लावलं. डोंगरवाल्यात नख बसलं, त्याने ते प्रामाणिकपणे दाखवलं. साध्यात बसलं नाही. झाला निकाल! नख आणि चीर, दोन्ही परीक्षांत एक नापास, एक पास.

तेव्हा श्रीकांत बोलला. तो आपणहून बोलतो असे प्रसंग मी बोटांवर मोजू शकतो, म्हणून हा नेमका लक्षात आहे. "बाबा, हे काका म्हणतात की तो साधा टायर थंडीत दगड होतो. मला वाटतं आपण डोंगरवाला घ्यावा."

ऐकलं मी ते. नीट ऐकलं. मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मी म्हणालो, "दगडच पाहिजे न! टायर हाये का पुरणपोळी?" शालू हसली, मीनल हसली. श्रीकांत नाही हसला. तो म्हणाला, "तरी बाबा..." आणि त्या 'तरी'ने माझं डोकं सरकलं. मी म्हणालो, "तीस वर्षं झाले टायर विकून राह्यलो मी, श्रीकांतराव. तुमच्या बाबांनी नागपूरहून टायर आणले, तवा मी एक शब्द बोललो का? आज तुमच्या बायकोनं विचारलं म्हणून सांगून राह्यलो. नसंल ऐकायचं त नका ऐकू."

टोपीवाला दुकानदार भाषा न कळता खाली पाहू लागला. श्रीकांतचा चेहरा — कसा सांगू? दुसऱ्याने आपल्या ताटात पाणी सांडावं आणि आपणच ओशाळून ते पुसायला घ्यावं, तसा. "नाही बाबा, तुम्ही म्हणता तेच घेऊ," तो म्हणाला.

आणि मग मी काय केलं? फोन दुकानदाराच्या तोंडासमोर धरायला लावला आणि मोडक्या इंग्रजीत, हिंदीत, हातवारे करून भाव केला. फिटिंग फुकट करून घेतलं. वर चार व्हॉल्व्हच्या टोप्या मागितल्या. त्याने दिल्या! दिवसभर दुकानात तेच — कॅनडात भाव केला, घरच्या अंगणात बसून. आलेल्या प्रत्येकाला चहा पाजला.

हिवाळा लागला. आणि एका सकाळी मीनलचा फोन आला, तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये.

चौकात लाल दिवा होता. श्रीकांतने ब्रेक दाबला, चाकं थांबली, गाडी थांबली नाही. तशीच सरकत गेली, सरळ खांबावर, मीनलच्या बाजूने. वेग फार नव्हता. मनगट मोडलं. बाकी काही नाही. आम्ही देवाला हात जोडले. शालू रडत होती.

मीनल म्हणाली, "ब्रेक मारला, बाबा, तरी गाडी थांबलीच नाई."

आता सांगा, तीस वर्षं टायर विकणाऱ्या माणसाला या वाक्याचा अर्थ कळायला किती वेळ लागतो? चाक थांबलं आणि गाडी नाही थांबली — याला दुसरं कारण असतं का? मला शंका आली. तिथल्या तिथे आली. आणि त्याच श्वासात मी मोठ्या आवाजात म्हणालो, "ब्रेक मारायची पण रीत असते! श्रीकांतराव, गाडी चालवता का बैलं हाकता?"

तो तिच्या मागे उभा होता. त्याने तोंड उघडलं, मीनलच्या प्लास्टरकडे पाहिलं, मग म्हणाला, "हो बाबा. माझंच चुकलं."

बघा, कबुलीजबाब कसा झटक्यात दिला त्याने. आणि मी कसा झटक्यात घेतला.

थोड्या दिवसांनी कळलं, त्याने टायर बदलले. मीनलला सांगितलं की धडकेत खराब झाले. मला खरं तर तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. मी काय म्हणालो माहीत आहे? "टायर बदलले म्हणून हात बदलत नाहीत." मला ते वाक्य फार आवडलं. मी ते शालूला ऐकवलं, मीनलला ऐकवलं, दुकानात ऐकवलं. पुढच्या उन्हाळ्यात ते दोघं आले, तेव्हा बाभुळगावला एका लग्नात मांडवात सगळ्यांसमोर मी त्याची ओळख करून दिली — "हे आमचे घसरगुंडी जावई." हसून हसून लोकांची उपरणी पडली. तोही हसला. वाढायला आलेल्या पोराने जिलेबी देताना, "सांभाळून, घसरंल" म्हटलं, तेव्हाही हसला. नाव चिकटलं. नाव चिकटवायला मी पटाईत आहे. मी जितका हसत होतो तितकी माझी शंका दूर जात होती. म्हणून मी पुष्कळ हसलो.

मीनल मात्र हसण्यावारी नेत नव्हती. ती मनाने खरंच धरून बसली होती. हात बरा झाल्यावर तिने स्टिअरिंग घेतलं ते परत दिलं नाही. श्रीकांतने मागितलंही नाही. तो ऑफिसला बसने जाऊ लागला.

तिचे दिवस भरत आले तेव्हा आम्ही दोघं तिकडे गेलो. भर हिवाळ्यात. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा नाकातला श्वास गोठताना पाहिला. खिडकीतून रोज सकाळी दिसायचं — श्रीकांत कोपऱ्यावर बसची वाट पाहत उभा, खांदे वर, पाय आपटतोय. आणि गाडी खाली उभी. शालू म्हणायची, "अहो, एवढ्या थंडीत जावई उभे राहतात, बरं दिसते का?" मी म्हणायचो, "गाडी ठोकण्यापेक्षा उभे राहिलेले बरे."

पुढे श्रीकांतने बाळंतपणासाठी रजा घेतली. त्यातच एका दुपारी मला करमेना. दुकानाची सवय, रबराचा वास घेतल्याशिवाय दिवस सरत नाही. इमारतीच्या मागे पत्र्याची शेड होती, तिथे प्रत्येकाची अडगळ. श्रीकांतच्या कप्प्यात जाळीमागे चार टायर होते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, आडवे, एकावर एक, जसे मी माझ्या दुकानात माणसांना ठेवायला शिकवतो. वर चार व्हॉल्व्हच्या टोप्या, लहान पिशवीत. मी भाव करून मिळवलेल्या.

मी पिशवी सोडली. चारही टायर शाबूत होते. एकाही टायरला धडकेची खूण नव्हती. हातमोजा काढून अंगठ्याचं नख रोवलं. रबर नव्हतंच ते — खलबत्ता. बोटाने ठोकलं तर आवाज आला. मग तसाच बाहेर गेलो, गाडीजवळ वाकलो. तिच्यावर डोंगरवाले टायर होते. तिथे नख रोवलं. त्या मरणाच्या थंडीतही नख आत बसलं, रबर दबलं, परत वर आलं. आणि त्या चिरा! बोटाने फाकवून पाहिल्या. चिरा नव्हत्याच त्या. पात्याने मुद्दाम दिलेले काप होते, एकसारखे, मासळीच्या कल्ल्यांसारखे उघडमीट करणारे. बर्फ धरायला केलेले. त्या टोपीवाल्याने जे सांगितलं होतं ते सगळं माझ्या अंगठ्याखाली होतं.

अजून एक गोष्ट. टायर वाचता येतात मला. जोरात ब्रेक मारणारा, वळणावर गाडी फेकणारा, चढावर चाकं जागच्या जागी फिरवणारा — गिऱ्हाईक बोलायच्या आधी त्याचा टायर मला सांगतो. ते शेडमधले चार टायर मी कडेपासून कडेपर्यंत वाचले. सगळीकडे सारखे घासलेले. एका जागी सपाट नाहीत, कुठे ओरबाडलेले नाहीत. इतक्या हळुवार हाताने चालवलेला टायर माझ्या दुकानात वर्षातून एखादा येत असेल. शेळीसाठी थांबणाऱ्या माणसाचे टायर होते ते.

मागे पावलं वाजली. बर्फ करकरतो. श्रीकांत होता, हातात माझा हातमोजा — तो मी शेडच्या दारातच टाकून आलो होतो. मी गाडीच्या चाकापाशी उकिडवा, अंगठा टायरवर. शेडचं दार उघडं, पिशव्या सोडलेल्या. त्याला सगळं दिसलं. मला दिसलं की त्याला दिसलं. आता तो बोलेल, असं वाटलं. मी तयार होतो का? नव्हतो. मी मनात भांडणाची जुळवाजुळव करू लागलो होतो — त्या क्षणालाही! नागपूरचे टायर जिभेवर आलेच होते.

"बाबा, हात गारठेल," तो म्हणाला. मोजा माझ्या हातात घातला — बोटं एकेक करून, लहान मुलाला घालतात तसा, कारण माझी बोटं वाकत नव्हती. "वर चला. चहा टाकलाय." मग शेडमध्ये जाऊन त्याने पिशव्या पुन्हा बांधल्या, दार लावलं, आणि जिन्यात माझ्या मागे मागे आला, मी घसरलो तर धरता यावं म्हणून.

फेकून का दिले नव्हते त्याने ते टायर? मीनलला का सांगितलं नव्हतं? एक वाक्य पुरलं असतं. नाही सांगितलं. मी चहा पिताना ठरवलं की आज मीनलला सांगायचं. मग ठरवलं, बाळ झाल्यावर. मग वाटलं, या अवस्थेत तिला त्रास कशाला? पाहिलंत — भाव करणारा माणूस स्वतःशीसुद्धा भाव करतो.

दोनेक दिवसांनी, दुपारी, मीनलच्या कळा सुरू झाल्या. बाहेर बर्फ पडत होता. शालूने पिशवी उचलली. श्रीकांतने गाडीची किल्ली हुकवरून काढली, जाकीट चढवलं. दारात मीनल भिंतीला धरून उभी होती, कपाळावर घाम. ती म्हणाली, "तू नको. टॅक्सी बोलाव."

श्रीकांत म्हणाला, "मीनू, टायर चांगले आहेत आता. हळू नेतो."

आणि तिने, कळ सोसत, दात आवळून माझं वाक्य म्हटलं. शब्द न् शब्द माझं. "टायर बदलले म्हणून हात बदलत नाहीत."

मी तिथेच होतो. तिच्यापासून एका हाताच्या अंतरावर, तिचे बूट घेऊन वाकलेलो. मला सगळं माहीत होतं. त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. मी फक्त म्हणायचं होतं — मीनल, जा त्याच्यासोबत, ते टायर मी घ्यायला लावले होते. एवढंच. श्रीकांतने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर — नाही, पाहिलं असतं तरी मी बोललो नसतो. मी तिच्या बुटाची नाडी बांधली. नीट, दोन गाठी मारून.

श्रीकांतने किल्ली हुकवर परत लावली. टॅक्सी यायला फार वेळ लागला. तो वेळ तो खाली रस्त्यावर, डोक्यावर टोपी न घालता, टॅक्सी दिसते का पाहत उभा होता. स्वतःच्या गाडीच्या शेजारी.

नात सुखरूप आली. मीनलही सुखरूप. श्रीकांतने बाळ पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. स्वतः घ्यायच्या आधी. "बाबा, घ्या," म्हणाला. मी घेतली.

आता ती चांगली बडबडी झाली आहे. या उन्हाळ्यात सगळे आले होते. उमरखेडला जायचं होतं. मी किल्ली श्रीकांतच्या हातात ठेवली — हे मी मुद्दाम केलं, तेवढ्याने भागेल असं मला वाटलं होतं. मीनलने ती त्याच्या हातातून काढून घेतली. सहज, रोजची सवय असल्यासारखी, डाव्या हाताने. उजव्याने ती अजून बरणीचं झाकणही उघडत नाही. "बाबा, तुम्हीच चालवा. याच्या हाती कायले देता?" आणि मागच्या सीटवरून नात ओरडली, "घसरगुंडी बाबा! घसरगुंडी बाबा!" शालू हसली. श्रीकांत हसला, मागे वळून त्याने लेकीच्या पोटाला गुदगुल्या केल्या. मी गाडी सुरू केली. सगळा रस्ता तो माझ्या शेजारी बसला होता. वाटेत शेळ्या आडव्या आल्या तेव्हा मी हॉर्न दाबला. तो त्यांच्याकडे पाहून हसत होता.

हे छापून आलं की मीनल वाचेल. तिला मराठी वाचायची आवड आहे. शालूही वाचेल. उमरखेडलाही कुणीतरी नेऊन देईलच.

ते टायर मी निवडले होते. श्रीकांतने दुसरे मागितले होते, मी ओरडून त्याला गप्प केलं. गाडी टायरमुळे घसरली. श्रीकांत गाडी नीट चालवतो, मी पाहिलेल्या सगळ्या माणसांहून नीट. हे मला त्या शेडमध्ये कळलं होतं. टॅक्सी बोलावली त्याच्या आधी कळलं होतं.